घर मुलांना द्यावे. पण केव्हा आणि कसे?

शहापूर-मुरबाडकडील जुन्या घरांत ओटीवरचा झोपाळा अजून हलतो. पण त्यावर बसणारे बहुधा एकटे वृद्ध यजमान असतात. चिरंजीव डोंबिवलीस किंवा पुण्यास नोकरीला, मुली सासरी, आणि माजघरात गृहस्वामिनी. पूर्वी अशा घरावर कोणाचा डोळा नसे. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. तो शहापूर तालुक्यातूनच जातो. जागेला मागणी आली की भाऊबंदकीही जागी होते. मग यजमानांच्या मनात दोन विचार उभे राहतात. आपल्या मागे मुलांना कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागू नयेत, हा एक. आणि आज घर देऊन टाकले तर उद्या आपलीच अडगळ होईल, हा दुसरा. दोन्ही विचार रास्त आहेत.

पहिल्या भीतीचे निरसन सोपे आहे. हिंदूंच्या मृत्युपत्रास प्रोबेट घेण्याची सक्ती १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याने मुंबई, कलकत्ता व मद्रास यांच्या विशिष्ट हद्दींपुरतीच ठेविली होती. शहापूरच्या घराविषयी शहापुरातच केलेल्या मृत्युपत्रास ती लागू नव्हती. मात्र तेच मृत्युपत्र मुंबईत मुलाकडे राहावयास गेले असता तेथे केले, तर सक्तीच्या कक्षेत येई! २०२५ च्या डिसेंबरात संसदेने ते कलमच रद्द केले. तथापि प्रोबेट नको म्हणजे पुरावा नको असे नव्हे. एखाद्या वारसाने हरकत घेतली, तर मृत्युपत्र न्यायालयात सिद्ध करावेच लागते.

दुसऱ्या भीतीवर मृत्युपत्र हाच सर्वांत निर्धोक उपाय होय. ते कर्त्याच्या निधनानंतरच अंमलात येते. तोवर घर विकण्याची, गहाण ठेवण्याची किंवा मृत्युपत्रच बदलण्याची मुभा त्यास असते. त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या अवश्य हव्यात. ते आपल्याहून वयाने लहान असावेत, म्हणजे वेळ येईल तेव्हा साक्षीस हयात असतील. आणि ज्यास घर द्यावयाचे त्यास साक्षीदार करू नये, म्हणजे संशयास जागा राहत नाही. नोंदणी सक्तीची नाही. पण केलेली बरी.

बक्षीसपत्राची गोष्ट निराळी. राहते घर मुलगा, मुलगी, नातवंड, पती वा पत्नी यांस बक्षीस दिल्यास महाराष्ट्रात मुद्रांकशुल्क केवळ २०० रुपये पडते. इतर आकार वेगळे. या स्वस्ताईस पुष्कळजण भुलतात. परंतु १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार नोंदलेले व स्वीकारलेले बक्षीस केवळ मन बदलले म्हणून परत घेता येत नाही. तरीही ते करावयाचेच असेल, तर ‘आम्हां उभयतांस हयातभर या घरात राहण्याचा व त्याचे उत्पन्न घेण्याचा हक्क राहील’ असे त्यात स्पष्ट लिहावे. दात्याने ताबा व उपभोग हयातभर आपल्याकडे ठेविला तरी बक्षीस वैध ठरते, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली दिला आहे. मात्र त्यानंतर घर विकण्याचा अधिकार दात्याकडे उरत नाही, हे विसरू नये.

आणखी एक वाक्य कागदावर अवश्य असावे: घेणाऱ्याने दात्याचा सांभाळ करावा. साठी उलटलेल्या दात्याने अशा अटीवर मिळकत दिली आणि घेणाऱ्याने ती मोडली, तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ अन्वये ते हस्तांतरण रद्द करून मागता येते. ‘आपल्याच मुलाला अट कसली घालायची?’ असा संकोच अनेक आयांना वाटतो. पण अट म्हणजे अविश्वास नव्हे. सुनेच्या किंवा जावयाच्या मनात किल्मिष येऊ नये, म्हणूनच ती लिहावयाची.

घर वडिलोपार्जित असल्यास मात्र थबकावे. मनुष्य मृत्युपत्राने आपल्यापुरताच हिस्सा देऊ शकतो. आणि २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. तिला वगळून केलेली व्यवस्था तंट्याचे बीज ठरते.

शेवटी दप्तराकडे पाहावे. पुष्कळ घरे ग्रामपंचायतीच्या आठ नंबरच्या उताऱ्यावर अजून आजोबांच्याच नावे आढळतात. आधी ती वारसनोंद नीट करून घ्यावी. मात्र उताऱ्यावर नाव लागले म्हणजे मालकी सिद्ध झाली, असे समजू नये.

मग एखाद्या सणाला सर्व मुले-मुली घरी जमली असता, वकिलाकडून तपासलेला कागद त्यांच्यापुढे वाचून दाखवावा. जे वडिलांच्या तोंडून ऐकले, त्याविषयी मागाहून भावाभावांत शंका राहत नाही. घर मुलांचेच आहे; पण वडील हयात असेपर्यंत ओटीवरचा झोपाळा त्यांचाच राहावा.