उशीखालचं पुस्तक

दिवाळीची आवराआवर म्हणजे आपल्या बायकांचं उत्खननच! कपाटामागे हरवलेलं कानातलं सापडतं, पलंगाखाली जुनी वीजबिलं. गेल्या दिवाळीत माझ्या हाती लागलं एक पुस्तक. लेकीच्या उशीखाली. ती जिल्ह्याच्या ठिकाणी होस्टेलवर राहून बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला शिकते, सुट्टीला घरी आली होती. गुलाबी फुलांचं कव्हर, इंग्रजी नाव. सहज मधलं पान उघडलं, चार ओळी वाचल्या आणि पटकन पुस्तक मिटून दाराकडे पाहिलं. जशी काही मीच चोरी करत होते!

संध्याकाळी करंज्या भरता भरता विषय काढला. ‘‘असली पुस्तकं वाचतेस होय गं तू?’’

मला वाटलं, लेक चिडेल. ती शांतपणे सारण भरत म्हणाली, ‘‘आई, ही लेखिका तुझ्यासारखीच आहे. लहान गावातली. सोशल वर्कर होती. तीन मुलं, घर, नोकरी सांभाळून लिहायला लागली. पहिलं पुस्तक तर तिचं तिनंच काढलं. आधी वाच, मग बोल.’’

सोशल वर्कर म्हटल्यावर माझ्या हातातली करंजी हातातच राहिली. मीही आमच्या तालुक्याच्या गावात महिला समुपदेशन केंद्रात गेली कित्येक वर्षं काम करते. म्हटलं, बघू तरी ही बाई कोण!

तिचं नाव कोलीन हूवर. जन्म १९७९चा, अमेरिकेतल्या टेक्सास राज्यातल्या सल्फर स्प्रिंग्ज गावचा. न्यूयॉर्क नाही, शिकागो नाही. दूधदुभत्याचा भाग, इतका की गावात दुग्धव्यवसायाचं संग्रहालय आहे. लग्न २००० साली झालं. मग एकापाठोपाठ तीन मुलगे. समाजकार्याची पदवी घेतली, नोकरी धरली. पगार तासाला ९ डॉलर, म्हणजे २०१२च्या भावानं साधारण साडेचारशे रुपये. आपल्याला मोठी रक्कम वाटते, पण अमेरिकेत पाच माणसांचा संसार त्यात कसाबसा चालतो. नवरा लांब पल्ल्याच्या ट्रकवर ड्रायव्हर. राहायला पक्कं घरही नाही, ट्रेलर. म्हणजे कारखान्यात तयार होऊन गाडीवरून आणून ठेवलेलं लांबट, अरुंद घर.

लिहिण्याची हौस जुनीच, पण ती संसाराच्या रगाड्यात मागं पडलेली. आपण नाही का म्हणत, ‘कॉलेजात असताना मी कविता करायचे’! तसंच. मग नोव्हेंबर २०११ मध्ये ‘द एव्हेट ब्रदर्स’ या गायकमंडळींच्या गाण्यातली एक ओळ तिच्या मनाला लागली. जे व्हायचंय ते ठरवावं आणि व्हावं, अशा अर्थाची. ती लिहायला बसली. दोनेक महिन्यांत कादंबरी पुरी झाली. नाव ‘स्लॅम्ड’.

गोष्ट अठरा वर्षांच्या लेकनची. वडील गेल्यावर ती आई आणि धाकट्या भावाबरोबर दूरच्या राज्यात राहायला येते. समोरच्या घरातला एकवीस वर्षांचा विल तिला आवडतो. त्याचेही आईवडील गेलेले, लहान भावाला तोच वाढवतोय. त्याला नाद ‘स्लॅम’ कवितेचा. म्हणजे मंचावर जीव ओतून कविता म्हणायची आणि श्रोत्यांनी गुण द्यायचे. पुढे कळतं की तो तिच्याच शाळेत शिक्षक आहे! वरवर प्रेमकथा, आत मात्र मरण, जबाबदारी, लहान वयात मोठं व्हावं लागणं.

अशा कादंबऱ्यांना इंग्रजीत ‘न्यू अ‍ॅडल्ट’ म्हणतात. ‘नुकतेच मोठे झालेले’ म्हणा ना! हे नाव २००९ साली तिकडच्या एका प्रकाशनाच्या स्पर्धेमुळे पुढे आलं. नायक-नायिका साधारण अठरा ते पंचवीस वयाची. शाळा सुटलेली, पण पाय अजून जमिनीवर टेकलेले नाहीत. पहिलं होस्टेल, पहिली नोकरी, पहिलं खरं प्रेम, पहिला खरा फटका. आई म्हणून आपल्याला बोचतं ते यातल्या मोकळ्या शरीरसंबंधांचं वर्णन. ते असतंच, लपवून कशाला सांगू? पण मैत्रिणींनो, हे वय आपल्या साहित्यात आलंच नव्हतं असंही नाही. मालतीबाई बेडेकरांनी १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ लिहून शिकलेल्या तरुण मुलींच्या मनातलं बाहेर काढलं, तेव्हा त्यांना ‘विभावरी शिरूरकर’ या टोपणनावाआड राहावं लागलं होतं. आणि सुहास शिरवळकरांची ‘दुनियादारी’ आपल्यापैकी किती जणींनी अभ्यासाच्या पुस्तकात लपवून वाचली, हात वर करा बरं! माझा पहिला वर.

तर कादंबरी झाली. पुढे काय? कोलीनच्या आईकडे त्याच सुमारास किंडल आलं होतं, म्हणजे पुस्तकं वाचायचं पाटीसारखं यंत्र. आईला त्यावर आपली गोष्ट वाचता यावी, म्हणून कोलीननं जानेवारी २०१२ मध्ये अ‍ॅमेझॉनवर ती स्वतःच प्रकाशित केली. प्रसिद्धीसाठी नाही, पैशासाठी नाही. एका वाचकासाठी. आईसाठी.

इथे मी थांबले. कारण ‘स्वतः पुस्तक काढणं’ म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे वेगळंच चित्र येतं. आमच्या मंडळातल्या एका ताईंनी निवृत्तीच्या पैशातून कवितासंग्रह छापला. प्रकाशन झालं, शाल-श्रीफळ झालं, फोटो झाले. आज पुस्तकांचे गठ्ठे त्यांच्या दिवाणाखाली आहेत. हळदीकुंकवाला वाण म्हणून एकेक प्रत जाते. कोलीनच्या वाटेनं कागद नाही, छपाई नाही, गठ्ठे नाहीत. हस्तलिखित वेबसाइटवर चढवायचं, किंमत ठरवायची, प्रत विकली गेली की त्यातला ठरलेला हिस्सा लेखकाच्या खात्यात. गुंतवायचा तो फक्त वेळ. बाईजवळ तोच सगळ्यात कमी असतो, हे खरंच!

सुरुवातीला तिला ३० डॉलर मिळाले. दीडेक हजार रुपये. पाण्याचं बिल भागलं म्हणून ती हरखून गेली होती. हे वाचून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आमच्या बचत गटातल्या बायका पापडाचे पहिले पैसे अशाच हातात घेऊन बघत बसतात.

फेब्रुवारीत तिनं दुसरा भाग काढला, ‘पॉइंट ऑफ रिट्रीट’. मग पुस्तकांवर हौसेनं लिहिणाऱ्या एका वाचक बाईंनी ‘स्लॅम्ड’ची तोंडभरून स्तुती केली, पाच तारे दिले. एकीनं दुसरीला सांगितलं, दुसरीनं तिसरीला. ऑगस्ट २०१२ मध्ये दोन्ही पुस्तकं ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या खपाच्या यादीत! मोठ्या प्रकाशन संस्थेनं ती पुन्हा प्रसिद्ध केली. कोलीननं नोकरी सोडली. डिसेंबरमध्ये ‘होपलेस’ ही कादंबरी तिनं पुन्हा स्वतःच काढली आणि ती पुढच्याच महिन्यात त्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेली. दहा वर्षांनी, २०२२ साली, त्याच वृत्तपत्राच्या कागदी बांधणीच्या कादंबऱ्यांच्या यादीत पहिल्या दहांत सहा पुस्तकं तिची होती.

यशाची गोष्ट म्हणून हे इथेच संपवता आलं असतं. पण माझ्या हातात होतं ते उशीखालचं पुस्तक, ‘इट एंड्स विथ अस’. २०१६चं. ऑगस्ट २०२४ मध्ये त्यावर सिनेमाही आला. माझं इंग्रजी बेताचं. दुपारी तीन ते चार, शेजारी शब्दकोश, अडलं की लेकीला हाक. अकरा दिवस लागले.

लिली नावाच्या मुलीची ही गोष्ट. लहानपणी तिनं वडिलांना आईवर हात टाकताना पाहिलेलं. आई निघून का जात नाही, याचा तिला राग. पुढे तिचं एका देखण्या, हुशार डॉक्टरवर प्रेम बसतं. आणि एक दिवस तो हात उचलतो. मग माफी, मग प्रेम, मग लग्न, मग पुन्हा तेच. ज्या प्रश्नावरून आईचा राग केला, तोच प्रश्न लिलीच्या पुढ्यात येतो.

पुस्तकाच्या शेवटी लेखिकेनं लिहिलंय की हे तिच्या आईवरून आलं. कोलीन अडीचेक वर्षांची असताना वडिलांनी आईच्या अंगावर टीव्ही फेकला होता. ही तिची अगदी पहिली आठवण. त्यानंतर आई मुलींना घेऊन बाहेर पडली. हाताशी पैसा नसताना. ज्या आईच्या किंडलसाठी पहिलं पुस्तक निघालं, ती ही आई!

मैत्रिणींनो, आता माझी गोष्ट सांगते. काही वर्षांपूर्वी केंद्रात एक बाई यायची. गळ्याभोवती पदर घट्ट लपेटलेला. तिसऱ्यांदा आली तेव्हा मी वैतागून बोलून गेले, ‘‘अहो, मग राहता कशाला त्या घरात?’’ ती माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, ‘‘ताई, ते रोज नाही मारत हो.’’ आणि उठून गेली. पुन्हा आली नाही. मी प्रशिक्षणं घेतली होती, २००५चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा मला कलमांसकट पाठ होता. पण ‘रोज नाही मारत’ या तीन शब्दांत काय काय भरलंय, ते मला ऐकू आलं नाही. ज्या दिवशी मारत नाही त्या दिवशी तो तिचा नवरा असतो, पोरांचा बाप असतो, बाजारातून आठवणीनं तिच्यासाठी गजरा आणणारा असतो. हे मला त्या ‘असल्या’ पुस्तकानं उलगडून दाखवलं.

पुस्तकावर टीकाही झाली आहे. मारणारा नवरा फार मोहक रंगवलाय, प्रेमकथेच्या वेष्टनात हिंसा गोड करून विकली, असं म्हणणारे पुष्कळ. २०२३च्या सुरुवातीला या कादंबरीवर रंगवायचं पुस्तक काढायचं ठरलं, तेव्हा वाचकच भडकले. कोलीननं त्यांचं म्हणणं बरोबर आहे असं कबूल करून ते मागं घेतलं. मलाही ते पुस्तक सगळंच पटलं असं नाही. लिलीच्या हाताशी स्वतःचं दुकान आहे, मैत्रीण आहे, पैसा आहे. आमच्या केंद्रात येणारीकडे यातलं काहीच नसतं. हे मी लेकीलाही बोलून दाखवलं. आम्ही दोघी रात्री गच्चीवर बसून त्यावर भांडलो. पण या विषयावर माझी लेक माझ्याशी पहिल्यांदाच बोलत होती. ‘‘आई, पहिल्यांदा हात उचलला की लगेच कळतं का गं, की हे पुन्हा होणार?’’ असं तिनं विचारलं. हा प्रश्न केंद्राच्या टेबलापलीकडून नव्हे, माझ्या मांडीवर डोकं ठेवून विचारला गेला, याचं मोल मला किती वाटलं म्हणून सांगू!

आता तुम्हाला वाटेल, लेखिका व्हायचं तर अमेरिकेतच जन्माला यावं लागतं. तसं नाही. २०१६च्या अखेरीपासून किंडलवर मराठी पुस्तकंही आली. ‘प्रतिलिपी’सारख्या ठिकाणी मराठीतून कितीतरी गृहिणी मोबाइलवर टाइप करून कथामालिका लिहितात. फक्त दोन गोष्टी लक्षात ठेवा. तुमचं पुस्तक छापतो म्हणून आधी हजारो रुपये मागणाऱ्याला पटकन ‘हो’ म्हणू नका. आणि कुठंही लिखाण देताना हक्क कुणाकडे राहणार, ते नीट वाचल्याशिवाय मान्य करू नका. सगळ्यांची कोलीन होत नाही, हेही खरं. पण ३० डॉलरचं पाणीबिल ही काही लहान गोष्ट नव्हे.

दिवाळीनंतर मी दोनशे पानी वही आणली. केंद्रातल्या बायकांचं काही लिहायचं नाही, तो विश्वास मोडायचा नाही, हे आधी ठरवलं. मग दुपारी तीन ते चार. पहिला दिवस पेन चावण्यात गेला. दुसऱ्या दिवशी गळ्याभोवती पदर लपेटलेली एक बाई कागदावर आली. ती कुणीच नाही आणि सगळ्याच आहे. या खेपेला तिला मी काही विचारलं नाही. तिलाच बोलू दिलं.

सात पानं झाल्यावर फोटो काढून लेकीला पाठवले. ‘हे’ वाचतील, सासूबाई काय म्हणतील, शुद्धलेखन चुकलंय का, सगळ्या शंका बाजूला ठेवून. रात्री जेवणं आटोपली, ओटा पुसत होते आणि फोन वाजला. होस्टेलवरून लेक. ‘जेवलीस का’ नाही, ‘कशी आहेस’ नाही.

‘‘आई, पुढे काय झालं तिचं?’’