रुळांतून जाणारे हुकूम

मॉडेल रेल्वेचे नियंत्रण दीर्घकाळ बहुतांशी एकाच तत्त्वावर चालत आले: दोन रुळांत १२ व्होल्टपर्यंतचा एकदिश विद्युत्प्रवाह सोडावा, दाब वाढविला की इंजिनाने वेग धरावा आणि ध्रुवांची अदलाबदल केली की त्याने उलट दिशेस निघावे. या व्यवस्थेत हुकूम वस्तुतः रुळाला मिळे. म्हणून एकाच रुळावर उभी असलेली दोन इंजिने बरोबरच हालत, आणि त्यांना निराळे राखावयाचे तर मार्गाचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यास स्वतंत्र तार व स्वतंत्र बटण द्यावे लागे.

डिजिटल नियंत्रणाने हा क्रमच उलटविला. रुळांत पूर्ण दाब अखंड ठेवावयाचा, त्याच विजेत आज्ञांचे संकेत गुंफावयाचे, आणि प्रत्येक इंजिनाच्या पोटात डीकोडर नावाची एक चिमुकली पाटी बसवून तिला क्रमांक द्यावयाचा; मग दवंडी साऱ्या गावाने ऐकावी परंतु ज्याच्या नावाची असेल त्यानेच चावडीवर हजर व्हावे, तद्वत् आज्ञा सर्व इंजिनांस पोचते आणि ज्याचा क्रमांक पुकारला गेला तेवढेच इंजिन ती अंमलात आणते. इंग्लंडातील हॉर्नबी कंपनीने १९७९ साली ‘झीरो वन’ या नावाने १६ इंजिनांची अशी तजवीज बाजारात आणली. परंतु या विद्येला खरे वळण लागले ते पुढील दशकात, जर्मनीत.

तेथे तीन भाषा जवळजवळ एकाच काळी उदयास आल्या. गोपिंगेनच्या मार्कलिनने मोटोरोलाच्या तयार चिप घेऊन ८० इंजिनांची व्यवस्था केली. तीत चुकीच्या संकेतापासून संरक्षण म्हणून प्रत्येक आज्ञा दोनदा धाडली जाई. पण मूळ पद्धतीत ‘पुढे’ वा ‘मागे’ असा स्पष्ट हुकूमच नव्हता, केवळ ‘दिशा बदल’ एवढाच होता, त्यामुळे इंजिन कोणत्या दिशेस निघेल याची खातरजमा डोळ्यांनीच करावी लागे. हा दोष मला गौण वाटत नाही. ट्रिक्सच्या सेलेक्ट्रिक्स पद्धतीने निराळा मार्ग धरला: तिच्या ११२ क्रमांकांची माहिती ठरलेल्या फेऱ्याने अविरत फिरत राहते, म्हणून गाड्या किती चालू आहेत यावर प्रतिसादाची तत्परता अवलंबून राहत नाही. शिस्तीच्या दृष्टीने ही रचना तिन्हींत सर्वांत रेखीव, असे माझे मत आहे.

तरीही इलाखा जिंकला तो गीसेनच्या लेंझ यांच्या भाषेने, आणि त्याचे कारण केवळ तांत्रिक नव्हते. अमेरिकेतील नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने उपलब्ध पद्धतींचा विचार करून तीच आधारभूत मानली आणि १९९४ च्या सुमारास ‘डीसीसी’ या नावाने मानक म्हणून मंजूर केली. त्यायोगे कोणत्याही कारखानदाराला त्या बरहुकूम डीकोडर बनविण्याची मुभा मिळाली आणि एका घराण्याची मक्तेदारी संपली. तिची लिपी जवळून पाहण्याजोगी आहे. रुळांतील ध्रुव सतत पालटत राहतात. पालटाचा प्रत्येक अर्धा भाग ५८ मायक्रोसेकंदांचा असेल तर तो ‘एक’, १०० किंवा अधिक असेल तर ‘शून्य’. आधी अनेक ‘एक’ सावधानतेची सूचना म्हणून, मग इंजिनाचा क्रमांक, मग हुकूम, आणि शेवटी हिशेब पडताळण्याचा एक अंक. तो जुळला नाही तर डीकोडर ती आज्ञा निमूटपणे टाकून देतो, आणि मळकट रुळावर हेच पुनःपुन्हा घडते. दिशा आता ध्रुवांवर अवलंबून नसल्याने इंजिन उलटे फिरवून ठेवले तरी ‘पुढे’ म्हणजे त्याच्या स्वतःच्या तोंडाच्या दिशेस.

नव्या इंजिनाला क्रमांक देण्याचा विधी तर मला विशेष प्रिय आहे. बहुधा ३ हा क्रमांक घेऊनच ते कारखान्यातून येते. वेगळ्या राखलेल्या रुळावर ठेवून नवा क्रमांक लिहिला की डीकोडर मोटारीला ६ मिलिसेकंदांचा झटका देतो, आणि वाढलेल्या प्रवाहावरून आज्ञा धाडणाऱ्या केंद्राला पोच मिळते. त्या क्षणी इंजिन किंचित थरकते, तीच त्याची सही. मार्कलिनने २००४ साली ‘एमएफएक्स’ आणून हा विधीही अनावश्यक केला: इंजिन रुळावर ठेवताच स्वतःचे नाव व गुण केंद्राच्या दफ्तरी नोंदविते. लेंझच्या पक्षाकडून ‘रेलकॉम’ने आज्ञांच्या मध्ये क्षणभर रूळ मोकळा ठेवून इंजिनाला बोलण्याची संधी दिली.

मात्र मानकाचा अंमल रुळांपाशीच संपतो. केंद्र आणि हाती धरावयाचे नियंत्रक यांच्यात लेंझची ‘एक्सप्रेसनेट’ व डिजिट्रॅक्सची ‘लोकोनेट’ अशा परस्परांस न जुळणाऱ्या तारा आजही नांदतात. सबब खरेदीच्या वेळी इंजिनापेक्षा नियंत्रकाचे घराणे आधी तपासावे, कारण डीकोडर केव्हाही बदलता येतो, पण भिंतीभोवती खिळवलेल्या तारा आणि त्यांना जोडलेली डझनभर हातयंत्रे एकदम टाकून देणे कोणालाच परवडत नाही.