नवी प्रणाली आणि संगणकाचा वेग

नवी ऑपरेटिंग सिस्टिम बसविल्यापासून संगणक मंदावला, अशी तक्रार अलीकडे घरोघरीं ऐकूं येते. त्याच वेळीं शेजारचे गृहस्थ छातीठोकपणें सांगत असतात कीं, नवी प्रणाली घातली आणि आमच्या जुन्या यंत्राचा कायाकल्प झाला. दोघेही खरें बोलत असतात. विंडोज १० या प्रणालीच्या नेहमींच्या सुरक्षा-दुरुस्त्या मायक्रोसॉफ्ट कंपनीनें १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबविल्या; कांहीं मुदतीपुरती वाढीव सोय ठेविली, ती वेगळी. त्यामुळें धडधाकट दिसणारा संगणक तसाच वापरावा, त्यावर नवी प्रणाली चढवावी, कीं तो मोडीत काढून नव्यासाठीं पैसे मोजावे, हा प्रश्न पुष्कळ कुटुंबांपुढें उभा आहे. त्याचें उत्तर देण्यापूर्वीं संगणकाचा वेग नेमका कोठें अडतो, हें पाहिलें पाहिजे.

संगणकांत हिशेब करणारा प्रोसेसर असतो, चालू कामाचे कागद पसरण्याचें मेज म्हणजे रॅम असते, आणि कायमचें दप्तर सांभाळणारी डिस्क असते. या तिघांवर देखरेख ठेवून कोणत्या कार्यक्रमाला किती जागा आणि किती वेळ द्यावयाचा, हें ठरविणारा कारभारी म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम. कारभारी बदलला म्हणून वाड्याच्या खोल्या वाढत नाहींत किंवा कमी होत नाहींत. परंतु हा कारभारी स्वतः त्याच वाड्यांत राहतो, आणि येतांना बरोबर किती नोकरचाकर आणतो, यावर घरच्या माणसांना किती जागा उरावयाची तें ठरतें.

ही जागा कशी वाढत गेली, तें आंकड्यांवरून स्पष्ट दिसतें. १९९५ सालच्या विंडोज ९५ ला किमान ४ मेगाबाइट रॅम पुरे होती. २००१ सालच्या विंडोज एक्सपीनें ६४ मेगाबाइट मागितली, २००७ सालच्या व्हिस्टानें ५१२, आणि २०२१ सालच्या विंडोज ११ नें ४ गिगाबाइट. सव्वीस वर्षांत सुमारें हजारपट! आणि ही झाली किमान गरज. कंपनीनें सांगितलेल्या किमान रॅमवर यंत्र चालू होतें एवढेंच, त्यावर सुखानें काम होतें असें समजूं नये. पास्कल या संगणक-भाषेचे जनक, स्विस शास्त्रज्ञ निक्लाउस वर्थ यांनीं १९९५ सालींच एका लेखांत अशी खंत मांडली होती कीं, यंत्रें जितक्या झपाट्यानें शीघ्र होत आहेत, त्याहून अधिक झपाट्यानें कार्यक्रम जड होत आहेत. हें निरीक्षण मूळचें मार्टिन रायझर यांचें, असें वर्थ यांनीं प्रामाणिकपणें नमूद केलें होतें. लोकांनीं मात्र त्याला वर्थचाच नियम म्हणावयास सुरुवात केली.

तथापि हा सारा भार निव्वळ चैनीचा आहे, असें म्हणणें अन्यायाचें होईल. जानेवारी २०१८ मध्यें मेल्टडाउन आणि स्पेक्टर या नांवांनीं ओळखले जाणारे प्रोसेसरांतील दोष जाहीर झाले. त्यांवर प्रणालीमध्यें जे उपाय योजावे लागले, त्यांमुळें जुन्या प्रोसेसरांवरील विंडोज ७ व ८ मंदावल्याचें बहुतेकांच्या लक्षांत येईल, असें खुद्द मायक्रोसॉफ्टनेंच त्या वेळीं सांगितलें. दाराला कुलूप घातलें म्हणजे तें उघडण्यास वेळ लागणारच.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. रॅममधील माहिती प्रोसेसरच्या हातीं येण्यास सुमारें १०० नॅनोसेकंद लागतात. नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग. जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कची गोष्ट अगदीं निराळी. तिच्यांत तबकडी प्रत्यक्ष गरगर फिरते. लॅपटॉपमध्यें ती बहुधा मिनिटाला ५,४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ९०. एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद लागले. हवी ती जागा वाचणाऱ्या टोंकाखालीं येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा थांबणें आलें. आणि त्यापूर्वीं तो दांडा योग्य वर्तुळावर सरकण्यास आणखी दहाएक मिलिसेकंद. मग विखुरलेले कागद गोळा करावयाचे झाले, तर अशी डिस्क सेकंदाला साठ-सत्तरांहून फारसे अधिक आणूं शकत नाहीं. रॅमच्या तुलनेनें हा विलंब लाखपटीहून अधिक आहे. श्रोत्यांना ही लाखपट डोळ्यांपुढें आणावयाची असेल, तर असें समजा कीं, मेजावरचा कागद उचलण्यास एक सेकंद लागतो. मग तोच कागद दप्तरखान्यांतून मागविल्यास तो उद्यां या वेळेनंतर हातीं पडेल. लाख सेकंद म्हणजे जवळजवळ अठ्ठावीस तास होत.

नवी प्रणाली मेजाचा बराच भाग अडविते. मेज भरलें, कीं कारभारी कांहीं कागद तात्पुरते दप्तरखान्यांत पाठवितो आणि लागतील तेव्हां परत मागवितो. यालाच पेजिंग म्हणतात. रॅम तोकडी आणि डिस्क फिरती असली, कीं संगणक काम करण्याऐवजीं कागदांची नेआण करण्यांतच दंग होतो. माउस हलतो, पण दाबलेली कळ मिनिटभरानें मानली जाते. एसएसडी या नव्या जातीच्या डिस्कमध्यें फिरणारा भागच नसतो, आणि माहिती मिलिसेकंदाच्या दहाव्या भागांत किंवा त्याहून लवकर येते. म्हणजे वाट पाहणें शंभरपटींनीं कमी झालें. माझ्या मतें जुन्या यंत्राला जो कांहीं एकच खर्च करावयाचा, तो येथेंच करावा. कायाकल्पाची गोष्ट सांगणाऱ्या गृहस्थांनीं बहुधा प्रणालीबरोबर एसएसडीही बसविलेली असते. शिवाय कोऱ्या डिस्कवर नव्यानें प्रणाली घातली, तर संगणक सुरू होतांच आपोआप उठून बसणारे वर्षानुवर्षांचे आगंतुक कार्यक्रम एकदम नाहींसे होतात. वेगाचें श्रेय मात्र सगळें नव्या कारभाऱ्याला मिळतें!

पहिल्या दोन-तीन दिवसांतील मंदपणा पाहून निकाल देऊं नये. नव्या घरीं सामान लावण्याची धांदल असते तशीच ती असते. साऱ्या फायलींची शोधसूची तयार होत असते, विषाणु-रक्षक एकेक फाईल तपासत असतो, आणि राहिलेल्या दुरुस्त्या इंटरनेटवरून येत असतात. यंत्र विजेला जोडून रात्रभर चालू ठेवलें, तर यांतलें बरेंचसें उरकतें. त्यानंतरही जडपणा राहिला, तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबाव्या. टास्क मॅनेजर उघडतो, आणि प्रोसेसर, रॅम व डिस्क यांपैकीं कोण शंभर टक्क्यांपाशीं अडकलें आहे, तें डोळ्यांना दिसतें. आपोआप सुरू होणारे कार्यक्रमही तेथेंच बंद करतां येतात. पडद्यावरील चित्रें अडखळत असतील, तर डिव्हाइस मॅनेजरमध्यें डोकावावें. पडदा सांभाळणाऱ्या यंत्रभागापुढें मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडॅप्टर असें नांव दिसलें, तर योग्य ड्रायव्हर बसलेलाच नाहीं असें समजावें.

एक गंमत सांगण्याजोगी आहे. २०१२ सालच्या विंडोज ८ पासून संगणक बंद केला, तरी तो बहुधा पुरता बंद होत नाहीं. प्रणालीच्या गाभ्याचें चित्र डिस्कवर ठेवून तो झोंपीं जातो आणि दुसऱ्या दिवशीं तेथूनच उठतो. म्हणून उठतो लवकर, परंतु कालची बिघडलेली स्थितिही कधींकधीं बरोबर घेऊन उठतो. खरी नवी सुरुवात हवी असेल, तर शटडाउन न करतां रीस्टार्ट करावें.

कंपन्या जुनीं यंत्रें मुद्दाम मंद करतात, हा संशय लोकांच्या मनांत असतो. अ‍ॅपल कंपनीनें डिसेंबर २०१७ मध्यें कबूल केलें कीं, बॅटरी झिजलेल्या आयफोनांचा वेग प्रणालीकडून कमी केला जात होता. फोन अचानक बंद पडूं नये हें कारण तिनें दिलें. कारण पटण्यासारखें असलें, तरी ग्राहकांना तें आधीं स्पष्टपणें सांगावयास हवें होतें. घरगुती संगणकाच्या बाबतींत मात्र अपुरी रॅम आणि फिरती डिस्क एवढ्यानेंच बहुतेक तक्रारींचा उलगडा होतो.

विंडोज ११ चा दरवाजा सर्वांना उघडा नाहीं. टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय, आणि कंपनीनें मान्य केलेल्या यादींतील प्रोसेसर, या दोन्हीं गोष्टी लागतात. इंटेलच्या आठव्या पिढीपूर्वींचे जवळजवळ सगळे प्रोसेसर त्या यादीबाहेर राहिले. आडवाटेनें ती बसवितां येते, परंतु पुढील दुरुस्त्या मिळतीलच याची हमी कंपनी देत नाहीं. ज्या यंत्रावर बँकेचे व्यवहार होतात, त्यावर हा प्रयोग मी करूं देणार नाहीं. वेग वाढविण्याचें आश्वासन देणारे बाजारांतील कार्यक्रमही टाळावे. मेज आधींच भरलें असतां आणखी एक पाहुणा बोलावण्यांत अर्थ नाहीं. कांहींही करण्यापूर्वीं घरचीं छायाचित्रें व कागदपत्रें दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यावीं.

यादीबाहेरच्या यंत्राला लिनक्सची वाट मोकळी आहे. लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ति अशा जुन्या संगणकांवर हलकी चालते, फुकट मिळते, सुरक्षा-दुरुस्त्याही मिळतात, आणि तिच्यावर मराठी टंकलेखनही होतें. बसविण्यापूर्वीं ती पेन ड्राइव्हवरून नुसती चालवून पाहतां येते. त्या वेळचा वेग पेन ड्राइव्हचा असल्यानें थोडा कमीच दिसेल. इंटरनेट पाहण्याचा ब्राउझर मात्र तेथेंही तोच, आणि त्याची रॅमची भूकही तीच. तेव्हां चार गिगाबाइटांवर वीस पानें एकदम उघडून ठेवण्याची संवय तेथेंही सोडावी लागेल, किंवा रॅमची आणखी एक पट्टी विकत घ्यावी लागेल.