इंग्रजांचं वेड, पत्ता देवळाली!

माहीत आहे का? लंडनचा एखादा आजोबा शेजाऱ्याबद्दल ‘तो पार डूलॅली झालाय’ म्हणतो, तेव्हा तो नकळत नाशिक जिल्ह्यातल्या एका गावाचं नाव घेत असतो! डूलॅली म्हणजे डोकं फिरलेला. आणि डूलॅली म्हणजेच आपली देवळाली. मुंबईहून जाताना नाशिक रोडच्या अगदी अलीकडे लागते ना, तीच!

स्टोरी भन्नाट आहे. ब्रिटिशांनी इथे छावणी थाटली. हिंदुस्थानातली नोकरी संपलेले गोरे शिपाई देवळालीत जमायचे आणि मुंबईहून सुटणाऱ्या जहाजाची वाट बघायचे. पण सैनिकांची जहाजं धावायची ती साधारण थंडीच्या सीझनमध्ये. सीझन हुकला की कित्येक महिने मुक्काम पोस्ट देवळाली!

तिथे करायचं काय? फ्रँक रिचर्ड्स नावाच्या जुन्या शिपायाने 1936 साली छापलेल्या आठवणींत ते लिहून ठेवलंय. हातात शस्त्र नाही. अधूनमधून सामानाची तपासणी, कधीतरी एखादा रूट मार्च. बस्स! उरलेला दिवस खायला उठायचा. उभ्या नोकरीत डाग न लागलेले शिपाई इथे येऊन भलत्याच भानगडीत पडायचे आणि घरी जायच्या आधी तुरुंगाची हवा खायचे.

अशा माणसाला मित्र म्हणायचे, ‘ह्याला डूलॅली टॅप झाला!’ हा टॅप नळाचा नव्हे बरं का, तो आपला ताप! पुढे ताप उतरला, डूलॅली तेवढी राहिली.

मला मात्र देवळालीची बाजू घ्यायचीच आहे. इथली हवा इतकी छान की लोक हवापालटाला यायचे, म्हणून तर गावात एवढी सॅनिटोरियम उभी राहिली. त्या पोरांचं डोकं फिरवलं ते घराच्या ओढीने आणि रिकामपणाने. गावाचा त्यात काय दोष?

आणखी एक देशी माल घ्या. मोहरमच्या मिरवणुकीतला ‘या हसन! या हुसेन!’ हा आक्रोश गोऱ्या शिपायांच्या कानात शिरला आणि तोंडातून बाहेर पडला ‘हॉब्सन-जॉब्सन’ होऊन! उत्सवाच्या गर्दी-गोंगाटाला ते हाच शब्द वापरू लागले. 1886 मध्ये यूल आणि बर्नेल यांनी अँग्लो-इंडियन शब्दांचा जाडजूड कोश काढला आणि त्याला हेच नाव देऊन टाकलं.

आता थेट लंडन! गोंधळ, कल्ला, आरडाओरडा यासाठी इंग्रजीत ‘बेडलम’ म्हणतात. माहीत आहे का, हे बेथलेहेमचं बोलीतलं रूप आहे? 1247 मध्ये लंडनमध्ये सेंट मेरी ऑफ बेथलेहेम हा मठ उभा राहिला आणि पुढे तिथे मनोरुग्णांना ठेवू लागले. आणि लोक? ते रुग्णांना ‘बघायला’ यायचे, सहलीला आल्यासारखे! विल्यम होगार्थच्या 1735 च्या चित्रमालिकेतलं शेवटचं चित्र निरखून बघा. जमिनीवर बेड्या घातलेला तरुण, आणि मागे नटूनथटून आलेल्या दोन बायका, एकीने हातातला पंखा चेहऱ्याशी धरलेला. तिला तो शो वाटतोय, हे बघून आजही चीड येते. 1770 च्या सुमाराला या हौशी गर्दीवर बंधनं आली. हॉस्पिटल आजही चालू आहे. त्याच्या एका जुन्या इमारतीत आता युद्धाचं म्युझियम आहे!

‘पँडेमोनियम’, म्हणजे हलकल्लोळ? ही चक्क राजधानी! जॉन मिल्टनने 1667 च्या ‘पॅराडाइज लॉस्ट’मध्ये सैतानाच्या नरकातल्या राजवाड्यासाठी घडवलेलं नाव.

‘केऑस’ म्हणजे अंदाधुंदी. याच शब्दावरून सतराव्या शतकात व्हॅन हेल्मोंट या शास्त्रज्ञाने ‘गॅस’ हा शब्द बनवला. म्हणजे तुमच्या सिलिंडरमध्ये भरलीय शुद्ध अंदाधुंदी!

बेभान होऊन हिंसा करत सुटणं, त्यासाठीचा ‘अमोक’ मलय भाषेतून आला. रागाने बेभान, त्यासाठीचा ‘बर्सर्क’ उत्तर युरोपातल्या जुन्या योद्ध्यांकडून, बहुधा त्यांच्या अस्वलाच्या कातड्याच्या अंगरख्यावरून.

‘मॅड हॅटर’ तर सगळ्यांच्या ओळखीचा. पण माहीत आहे का? लुइस कॅरलच्या 1865 च्या ‘ॲलिस’मध्ये त्याचं नाव नुसतंच हॅटर आहे! टोपीवाले वेडे ही म्हण मात्र त्याच्याही आधीची. टोप्यांसाठी सशाच्या केसांचं फेल्ट करताना पाऱ्याचं संयुग वापरायचे. त्याची वाफ नाकात गेली की कारागिरांचे हात थरथरायचे, स्वभाव चिडका व्हायचा. अमेरिकेतल्या डॅनबरी गावात टोप्यांचे कारखानेच कारखाने, म्हणून तिथे या दुखण्याचं नाव पडलं ‘डॅनबरी शेक्स’. तो पारा अमेरिकेत बंद व्हायला 1941 उजाडलं. लोकांच्या डोक्यावर टोपी चढवता चढवता ज्यांनी आपलं डोकं गमावलं, त्यांच्यावर म्हण तयार झाली, असं म्हणतात. मास्क मिळायला हवे होते!

शेवटी चांदोमामा. लॅटिनमध्ये चंद्र म्हणजे लुना, त्यावरून ‘लूनॅटिक’. चंद्रकलेबरोबर डोकं फिरतं, ही जुनी समजूत. भारतात मनोरुग्णांसाठी 1912 चा ‘इंडियन लूनसी ॲक्ट’ होता. 1987 च्या कायद्याने त्याची जागा घेतली. अमेरिकेने तर आपल्या केंद्रीय कायद्यांतून ‘लूनॅटिक’ हा शब्द 2012 मध्ये हटवला. प्रतिनिधिगृहात मतदान झालं, बाजूने 398. विरोधात? फक्त 1!