वाकळ शिकताना

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या मिरज-सांगलीकडे जिला वाकळ म्हणतात, तिलाच पुण्याकडे गोधडी म्हणतात. तान्ह्या बाळासाठी केली तर ती दुपटं. सीमा ओलांडून कर्नाटकात गेलात की कौदी. आमच्या घरात दखनी बोलतात, तिथं ती गुदडी. नावं बदलली तरी वस्तू एकच. जुन्या सुती कपड्यांचे थर एकावर एक घालायचे आणि साध्या धावदोऱ्यानं एकमेकांना धरून ठेवायचे. थरांमध्ये हवा अडकते आणि तीच ऊब देते. जुनं कापड विरलेलं असतं, एका जागी ताण आला की फाटतं. टाके जवळजवळ घातले की ताण सगळीकडे वाटला जातो. दोन-तीनशे ठिगळांची वाकळ वीस-वीस वर्षं टिकते ती त्यामुळे.

हे सगळं मला वयाच्या बावन्नाव्या वर्षी कळलं. तुम्ही म्हणाल, खेड्यात वाढलेल्या बाईला वाकळ येत नाही? नाही येत. आमच्या अम्मानं मला सुईला हात लावू दिला नाही. उन्हाळ्यात अंगणात वाकळ अंथरली, शेजारच्या आक्का आणि आणखी दोघीतिघी चार बाजूंनी बसल्या, की मीही जाऊन बसायची. अम्मा म्हणायची, "तू किताब पकड गे, सुई मैं पकडती." थोरल्या आपाला शिवण आलं, तिची शाळा चौथीत सुटली. मी बी.ए. झाले, मराठीत कविता लिहायला लागले आणि शर्टाचं बटण लावायलाही आपाकडे जाऊ लागले.

अम्मा २०१९ मध्ये गेली. चाळीसाव्यानंतर ट्रंक उघडली तेव्हा तळाशी एक अर्धी वाकळ निघाली. कडेकडेनं टाके घालत ती मधे येत गेली होती आणि मधला दोन हात लांब, एक हात रुंद भाग तसाच राहिला होता. शेवटच्या टाक्याजवळ सुई टोचून ठेवलेली. सुईला गंज चढला होता आणि त्याचा तपकिरी डाग कापडावर उतरला होता. मी म्हणाले, ही पुरी करू. आपा म्हणाली, हात लावायचा नाही, अम्माचा शेवटचा टाका आहे तो. त्यावरून आमच्यात जे सुरू झालं ते दोनेक वर्षं चाललं. खरं सांगायचं तर मला पुरी करता येतच नव्हती, म्हणून आपाचं म्हणणं टिकलं.

२०२२ मध्ये मी शहरातल्या एका पॅचवर्क-क्विल्टिंगच्या वर्गाला नाव घातलं. दर शनिवारी, दोन तास. बरोबरच्या बहुतेक मुली माझ्या लेकीच्या वयाच्या. पहिल्या दिवशी समोर आलं ते गोल पात्याचं कटर, खाली घालायची रबरी चटई आणि पारदर्शक पट्टी. कात्रीला तिथं फारसं कामच नव्हतं. पहिला धडा पाव इंचाचा. दोन तुकडे जोडताना कडेला नेमकं पाव इंच कापड सोडायचं. आपले शिंपी या सोडलेल्या कापडाला माया म्हणतात. तीन इंचांचा चौकोन हवा असेल तर साडेतीन इंचांचा कापायचा, कारण दोन्ही बाजूंची पाव-पाव इंच माया शिवणीत जाते.

यात एवढं काय, असं मलाही वाटलं होतं. बारा चौकोनांची पहिली ओळ शिवली आणि मोजली तर जवळजवळ दीड इंच आखूड भरली. बाईंनी हिशेब करून दाखवला. प्रत्येक शिवणीत मी अर्धा सूत जास्त घेत होते. ते दोन्ही तुकड्यांतून जातं, म्हणजे एका शिवणीला एक सूत. बारा चौकोनांत अकरा शिवणी, अकरा सूत गेले. आठ सुतांचा इंच. अशी ओळ शेजारच्या बरोबर मापाच्या ओळीला जोडायला गेलं की कोपरे जुळत नाहीत आणि कापड फुगतं. मी अकराही शिवणी उसवल्या. कवितेत मात्रा चुकली तर गाऊन निभावून नेता येतं, इथं ती सोय नाही.

वर्गातली रीत आणि अंगणातली रीत यांत एक मोठा फरक आहे. वर्गात तीन थर असतात. वरचा जोडकामाचा, मधे कापसाची किंवा पॉलिस्टरची तयार पट्टी, खाली अस्तर. ते एकमेकांना धरले की टाके मधून सुरू करून बाहेर न्यायचे. सैल कापड कडेकडे सरकत जातं, शेवटी कडा कापून सरळ करायच्या आणि चारी बाजूंनी गोट लावायचा. वाकळीचं नेमकं उलटं. आधी कडा आत दुमडून शिवून टाकतात, म्हणून वेगळा गोट लागत नाही, आणि मग फेऱ्या घालत मधे यायचं. सैल कापड मधे गोळा होण्याचा धोका असतो. त्यासाठी वाकळ घालताना थर तळहातानं घासून ताणतात, कोपऱ्यांवर दगड ठेवतात आणि हातहातभर अंतरावर कच्चे टाके घालून घेतात. चौघी चार बाजूंनी बसू शकतात त्या याच रीतीमुळे. मधून सुरुवात केली असती तर चौघींची डोकी एकमेकींवर आपटली असती.

हे मला बाईंनी नाही, आक्कांनी सांगितलं. आक्का आता ऐंशीच्या पुढे आहेत. एका नऊवारीचा हिशेबही त्यांचाच. नऊ वारांचे सव्वादोन वारांचे चार तुकडे करायचे, दोन-दोन शेजारी जोडायचे, की दोन माणसांच्या वाकळीचा वरचा आणि खालचा थर एकाच लुगड्यात निघतो. मधे धोतर, परकर, सदऱ्याच्या पाठी. जाड काठ आत घालायचा नाही, सुई मोडते. आक्का म्हणाल्या, "तुझ्या आईच्या वाकळीत माझं एक इरकली हाय बघ, खालच्या अंगाला." मी घरी येऊन पाहिलं. होतं.

आमच्या वाकळीची एक जवळची नातेवाईक उत्तर कन्नड जिल्ह्यात आहे. हल्याळ, यल्लापूर भागात सिद्दी लोक राहतात, आफ्रिकेतून आलेल्यांचे वंशज. त्यांच्यात हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती तिन्ही आहेत. त्यांच्या बायका कवंडी करतात. तीही कडेपासून मधे येते, आणि ठिगळं आधी जोडून न घेता शिवता शिवता लावली जातात. शेवटी चारी कोपऱ्यांवर घडी घातलेल्या कापडाची त्रिकोणी फुलं लावतात. फुलं नसलेली कवंडी त्यांना नागडी वाटते.

आता प्रवासाचं. माझं निम्मं आयुष्य कविसंमेलनांच्या निमित्तानं एसटीत गेलं. २०२३ मध्ये बायकांना एसटीचं तिकीट अर्धं झालं तेव्हापासून तर घरचे म्हणतात, ही घरी कमी आणि स्टँडवर जास्त. वर्ग सुरू झाल्यावर प्रश्न आला की शिवायचं कधी. वाकळ तीन-चार किलोंची, ती मांडीवर घेऊन बसले तर शेजारच्यानं उभं राहायचं. तेव्हा मी कामं वाटून घेतली. मोठं ते घरी. मशीनचं ते शनिवारी वर्गात. आणि प्रवासात फक्त षटकोन.

षटकोनाची रीत इंग्लंडची. जाड कागदाचे सारख्या मापाचे षटकोन कापायचे, माझे एक इंच बाजूचे असतात. कापड चहूबाजूंनी पाव इंच मोठं घ्यायचं, कागदावर दुमडून कच्च्या टाक्यांनी बसवायचं. असे दोन षटकोन तोंडाला तोंड लावून धरायचे आणि काठावरून बारीक तिरके टाके घालत जोडायचे. षटकोनाच्या सहाही बाजूंना शेजारी जोडले गेले की त्याचा कागद काढून पुन्हा वापरता येतो. मधे एक, भोवती सहा, त्याभोवती बारा, असं एकोणीस तुकड्यांचं फूल होतं. माप कागद सांभाळतो, त्यामुळे गाडीचा हिसका बसला तरी पाव इंचाची चिंता नाही. सगळा संसार डब्यात मावतो. माझा डबा बिस्किटांचा आहे.

कागदासाठी मी लग्नपत्रिका वापरते. चांगल्या जाड असतात आणि आपल्याकडे त्यांना तोटा नाही. इंग्लंडातल्या बायका जुनी पत्रं, हिशेबाचे कागद वापरायच्या. काहींचं काम पुरं झालं नाही किंवा कागद आतच राहिले, आणि त्या कागदांमुळे आज त्या कामाचा काळ ठरवायला मदत होते. १७१८ सालचं एक रेशमी जोडकामाचं पांघरूण तिथल्या क्विल्टर्स गिल्डकडे आहे, त्याच्या आत कागद अजून आहेत. उद्या माझं एखादं फूल अर्धं राहिलं तर कुणाला तरी आत "आमच्या येथे श्रीकृपेकरून" सापडेल आणि एका मुसलमान बाईच्या शिवणात हे कसं आलं म्हणून तो बिचारा चक्रावेल.

प्रवासात शिवण्याचे काही नियम मी ठोकर खाऊन शिकले. दोरा हातभरच घ्यायचा, लांब घेतला की गुंता होतो. त्याला मेण लावून ठेवायचं. सुया मोजून डब्यात ठेवायच्या आणि मोजून बाहेर पडायचं. एकदा साताऱ्याच्या स्टँडवर उतरले आणि पाच सुयांतल्या चारच भरल्या. गाडीत परत चढले. माझ्या जागेवर एक बाई लेकराला घेऊन बसत होती. सुई सीटच्या फटीत उभी होती. त्या दिवसापासून धावत्या एसटीत मी सुई काढत नाही. तिथं फक्त कात्री न लागणारं काम, म्हणजे घरी कापून नेलेल्या कापडाला घड्या पाडायच्या. खरं शिवण रेल्वेत. मिरज ते पुणे एक फूल होतं. २०२५ च्या फेब्रुवारीत दिल्लीला साहित्य संमेलन झालं, तिकडे गोवा एक्स्प्रेसनं जाताना साडेतीन झाली. वर्षाला एकच प्रवासी काम हाती घ्यायचं, हाही नियम. पहिल्या वर्षी मी तीन सुरू केली होती, त्यातली दोन अजून अर्धी आहेत.

डब्यात सुई-दोरा पाहून माणसं बोलतात, हा फायदा वेगळाच. पुस्तक वाचणाऱ्या बाईशी कुणी बोलत नाही. शिवणारीला मात्र हमखास विचारतात, आणि मग आपल्या आईची वाकळ सांगतात. एका निवृत्त फौजदारांनी कराडपासून पुण्यापर्यंत माझे कच्चे टाके घालून दिले. मी घालते त्याहून सरळ.

ठिगळाला आपल्याकडे कमीपणा चिकटलेला आहे, पण तो सगळीकडे आणि सगळ्या काळात नव्हता. सूफी फकिरांचा ठिगळांचा झगा, खिरका, गुरूकडून शिष्याला मिळायचा तो मान म्हणून. अशा ठिगळांच्या वस्त्राला ज्या धातूवरून शब्द आहे त्याच धातूवरून चित्रांच्या संग्रहाला मुरक्का म्हणतात, म्हणजे तुकडे जोडून केलेला. गाडगेबाबांना लोक गोधडेबुवा, चिंधेबुवा म्हणायचे. आणि अमेरिकेतल्या अलाबामात नदीच्या वळणावर जीज बेंड नावाची वस्ती आहे, गुलामांच्या वंशजांची. तिथल्या काळ्या बायकांनी शेतातल्या जुन्या कपड्यांच्या शिवलेल्या गोधड्या २००२ मध्ये ह्यूस्टन आणि न्यूयॉर्कच्या संग्रहालयांत भिंतीवर लागल्या. त्यांत एक मिसूरी पेटवे यांची आहे. १९४२ मध्ये नवरा वारल्यावर त्याच्या कामाच्या कपड्यांची शिवलेली. गुडघ्याजवळ विटलेल्या पँटींचे लांब तुकडे त्यात दिसतात. तिनं ती भिंतीसाठी केली नव्हती, अंगावर घेण्यासाठी केली होती.

त्या गोधडीचा फोटो मी आपाला मोबाईलवर दाखवला. ती बराच वेळ बघत राहिली, काही बोलली नाही. मग तिचा मुद्दा बदलला. म्हणाली, पुरी कर, पण अम्माचं काही उसवायचं नाही. आता अडचण अशी की वर्गातल्या बाईंनी वाकळ पाहून सल्ला दिला होता तो नेमका उसवण्याचा. मधे कापड सैल गोळा झालंय, शेवटच्या चार फेऱ्या काढा आणि नव्यानं घाला, नाहीतर चुणी पडेल. त्यांचं चूक नव्हतं. मी आक्कांना विचारलं. त्यांनी तळहात फिरवला आणि म्हणाल्या, "चुणी पडू दे. झोपल्यावर कुणाला दिसतीय?"

उसवलं नाही. गंजलेली सुई मात्र काढली, डाग आहे तसा ठेवला. अम्माचा दोरा पांढरा होता, मी लाल घेतला, कुठून माझं सुरू झालं ते कळावं म्हणून. तिचा टाका तांदळाएवढा, माझा अजून शेंगदाण्याएवढा पडतो. चुणी पडलीच, मधोमध, बोटभर लांब. गेल्या रमजानमध्ये आपा आठ दिवस राहायला आली. दुपारी मी वाकळ पसरली की ती पलंगावर बसून लांबून बघायची. चौथ्या दिवशी चष्मा लावून खाली उतरली, माझ्यासमोरच्या बाजूला बसली आणि सुई मागितली. मी लाल दोरा पुढे केला. तिनं तो बाजूला ठेवला आणि पिशवीतून स्वतःचा पांढरा काढला.

दोन फेऱ्या अजून शिल्लक आहेत.