शेवटून वाचायची नावे : विकरे, संप्रेरके आणि औषधे

विकरे, संप्रेरके आणि औषधे यांची नावे पहिल्यांदा वाचताना बोजड वाटतात; पण त्यांतली बहुतेक नावे ठरलेल्या रीतीने घडवलेली असतात. नावाच्या सुरुवातीला सहसा त्या रेणूची स्वतःची ओळख असते आणि शेवटी त्याचे कूळ. लॅक्टेज, लायपेज, अमायलेज यांचा शेवट सारखा आहे, कारण ती तिन्ही विकरे, म्हणजेच एंझाइमे आहेत. ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, प्रोप्रॅनोलॉल यांचा शेवट सारखा आहे, कारण ती तिन्ही एकाच गटातली, बीटा-ब्लॉकर म्हणून ओळखली जाणारी औषधे आहेत. आडनावावरून घराणे कळावे, तसा या शेवटच्या अक्षरांवरून रेणूचा गट कळतो. रक्ततपासणीचा अहवाल आणि गोळ्यांची स्ट्रिप आज घरोघरी असते. त्यामुळे ही रीत माहीत असणे आता केवळ विद्यार्थ्यांच्या उपयोगाचे राहिलेले नाही.

विकरांची नावे

१८३३ साली फ्रान्समध्ये आन्सेल्म पायां आणि झां-फ्रांस्वा पेर्सो यांनी मोड आलेल्या बार्लीपासून एक पदार्थ वेगळा केला. तो स्टार्चचे साखरेत रूपांतर करी. त्याला त्यांनी ‘डायास्टेज’ असे नाव दिले. पुढे १८९८ मध्ये एमिल द्यूक्लो यांनी सुचवले, की या नावाचा शेवट सगळ्याच विकरांना लावावा. तेव्हापासून विकर ज्या पदार्थावर काम करते त्या पदार्थाच्या नावाला ‘एज’ जोडण्याची प्रथा पडली. युरिया फोडणारे ते युरिएज, लिपिड म्हणजे स्निग्ध पदार्थ फोडणारे ते लायपेज, दुधातली लॅक्टोज ही साखर फोडणारे ते लॅक्टेज. ‘ओज’ हा शेवट साखरेचा आणि ‘एज’ हा विकराचा, एवढे लक्षात ठेवले तरी लॅक्टोज आणि लॅक्टेज यांची गल्लत होत नाही. दूध प्यायल्यावर ज्यांचे पोट फुगते, त्यांच्यापैकी अनेकांच्या आतड्यात लॅक्टेज कमी असते आणि लॅक्टोज न पचता तशीच राहते.

ही प्रथा पडण्याआधीची काही नावे मात्र तशीच टिकली. जठरातले पेप्सिन हे नाव थिओडोर श्वान यांनी १८३६ मध्ये दिले. स्वादुपिंडातले ट्रिप्सिन आणि पपईच्या चिकातले पपेन हीही याच जुन्या पिढीतली नावे. या नावांवरून ते विकर कशावर काम करते हे कळत नाही. काही नावे तर घोटाळाच करत. मूत्रपिंडातून रक्तात येणारे रेनिन आणि वासराच्या जठरात असणारे, दूध साकळवणारे रेनिन ही दोन पूर्णपणे वेगळी विकरे. रोमन लिपीत त्यांच्यात एका अक्षराचा फरक, उच्चारात जवळजवळ काहीच नाही. म्हणून दुसऱ्याला आता कायमोसिन म्हणतात.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शेकडो विकरे सापडली होती. एकाच विकराला दोन-तीन नावे आणि एकाच नावाची दोन विकरे, अशी स्थिती आली. तेव्हा आंतरराष्ट्रीय जीवरसायन संघाने विकरांच्या नावांसाठी एक आयोग नेमला आणि १९६१ मध्ये त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. आयोगाने विकराच्या रचनेऐवजी ते कोणती अभिक्रिया घडवते हा आधार धरला आणि सहा वर्ग पाडले. ऑक्सिडीकरण व क्षपण घडवणारी ऑक्सिडोरिडक्टेजे, एका रेणूवरचा गट दुसऱ्यावर नेणारी ट्रान्सफरेजे, पाण्याच्या साहाय्याने बंध तोडणारी हायड्रोलेजे, पाण्याविना बंध तोडणारी लायेजे, रेणूची अंतर्गत मांडणी बदलणारी आयसोमरेजे आणि ऊर्जा वापरून दोन रेणू जोडणारी लायगेजे, असे ते वर्ग. २०१८ मध्ये पेशीच्या पटलातून आयन व रेणू पलीकडे नेणाऱ्या ट्रान्सलोकेजांचा सातवा वर्ग जोडण्यात आला. प्रत्येक विकराला या पद्धतीत चार भागांचा क्रमांक मिळतो.

हा क्रमांक कसा वाचायचा, हे यकृताच्या तपासणीतल्या एका ओळीवरून समजते. अहवालात ‘एसजीपीटी’ असे लिहिलेले असते आणि पुष्कळदा शेजारी कंसात ‘एएलटी’. ही एकाच विकराची दोन नावे. जुन्या नावातला ‘एस’ म्हणजे सीरम, रक्तातला द्रव. ‘जी’ म्हणजे ग्लुटामिक. ‘पी’ म्हणजे पायरुव्हिक. आणि ‘टी’ म्हणजे ट्रान्सअमिनेज. नवे नाव ॲलनिन ट्रान्सअमिनेज, म्हणून एएलटी. ॲलनिन या अमिनो आम्लावरचा अमिनो गट काढून तो दुसऱ्या रेणूवर बसवणे हे याचे काम. या देवघेवीतून ग्लुटामिक आणि पायरुव्हिक ही आम्ले तयार होतात. त्याचा क्रमांक २.६.१.२. पहिला २ म्हणजे ट्रान्सफरेजांचा वर्ग, ६ म्हणजे नायट्रोजनयुक्त गट हलवणारी विकरे, १ म्हणजे त्यांतली ट्रान्सअमिनेजे आणि शेवटचा २ हा त्या यादीतला अनुक्रम. एसजीओटी म्हणजेच एएसटी हे याचेच भावंड. त्याचा क्रमांक २.६.१.१. ही विकरे पेशींच्या आत काम करतात. यकृताच्या पेशींना इजा झाली की ती रक्तात उतरतात आणि अहवालातला आकडा वाढतो.

संप्रेरकांची नावे

विकरांसारखी एकच पद्धत संप्रेरकांना, म्हणजे हॉर्मोनांना, कधी लागू झाली नाही. १९०२ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात विल्यम बेलिस आणि अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी लहान आतड्यातून रक्तात मिसळून स्वादुपिंडाला पाचकरस सोडायला लावणारा पदार्थ दाखवला. त्याचे नाव सिक्रेटिन. १९०५ मध्ये स्टार्लिंग यांनी अशा पदार्थांसाठी ‘हॉर्मोन’ हे नाव वापरले. पुढे ज्याने जे शोधले त्याने त्याला नाव दिले. तरीही या नावांत तीन प्रवाह दिसतात.

पहिला प्रवाह स्थानाचा. स्वादुपिंडातले पेशींचे पुंजके पाउल लांगरहान्स यांनी १८६९ मध्ये वर्णिले. त्यांना ‘बेटे’ म्हटले जाई आणि बेटाला लॅटिनमध्ये ‘इन्सुला’ म्हणतात. त्यावरून इन्सुलिन. टोरोंटोमध्ये १९२१ साली बँटिंग आणि बेस्ट यांनी ते मिळवले, त्याआधीच हे नाव सुचवले गेले होते. मूत्रपिंडावर बसलेल्या ग्रंथीतले ते ॲड्रेनॅलिन. त्याच ग्रंथीच्या बाह्यकाला इंग्रजीत ‘कॉर्टेक्स’ म्हणतात, त्यावरून कॉर्टिसॉल. ॲड्रेनॅलिनचे अमेरिकेतले अधिकृत नाव एपिनेफ्रिन. एक नाव लॅटिनमधून आले, दुसरे ग्रीकमधून. अर्थ एकच, मूत्रपिंडाजवळचे.

दुसरा प्रवाह कामाचा. दूधनिर्मितीला चालना देणारे प्रोलॅक्टिन, रक्तवाहिन्या आकुंचित करणारे व्हॅसोप्रेसिन. व्हॅसोप्रेसिन मूत्राचे प्रमाणही कमी करते, म्हणून त्याचे दुसरे नाव अँटिडाययुरेटिक हॉर्मोन, संक्षेपाने एडीएच. एकाच रेणूची दोन कामे दोन नावांत विभागली गेली.

तिसरा प्रवाह रासायनिक रचनेचा. टेस्टोस्टेरोन, प्रोजेस्टेरोन यांतला ‘ओन’ कीटोन गट दर्शवतो. कॉर्टिसॉल, इस्ट्राडायॉल यांतला ‘ऑल’ अल्कोहोल गट. ‘इन’ हा शेवट प्रथिन वा पेप्टाइड असलेल्या पुष्कळ संप्रेरकांना आहे, पण त्यावर विसंबता येत नाही. ॲड्रेनॅलिन हे प्रथिन नव्हे. थायरॉइडच्या तपासणीतली टी-थ्री आणि टी-फोर ही नावे सर्वांत सरळ. त्यांतले आकडे रेणूतल्या आयोडीनच्या अणूंची संख्या सांगतात.

एक साखळी

विकरे, संप्रेरके आणि औषधे यांची नावे एकमेकांत कशी गुंतलेली आहेत, हे रक्तदाबाच्या नियंत्रणात स्पष्ट दिसते. यकृत अँजिओटेन्सिनोजेन नावाचे प्रथिन रक्तात सोडते. ‘ओजेन’ हा शेवट सांगतो, की हे तयार संप्रेरक नाही, ते ज्यातून निघते तो पूर्वगामी पदार्थ आहे. पेप्सिनोजेन आणि फायब्रिनोजेन यांतही तेच. मूत्रपिंडातले रेनिन या प्रथिनाचा तुकडा तोडते आणि दहा अमिनो आम्लांचे अँजिओटेन्सिन-१ तयार होते. अँजिओटेन्सिन कन्व्हर्टिंग एंझाइम, म्हणजे एसीई, त्यातली दोन अमिनो आम्ले काढून टाकते. उरलेले अँजिओटेन्सिन-२ रक्तवाहिन्या आकुंचित करते आणि अल्डोस्टेरोन हे संप्रेरक स्रवायला लावते. अल्डोस्टेरोनमुळे शरीरात मीठ आणि पाणी धरून ठेवले जाते व रक्तदाब वाढतो.

अँजिओटेन्सिन हे नाव तडजोडीतून आले. १९४० च्या सुमारास अर्जेंटिना आणि अमेरिका येथील दोन गटांनी हा पदार्थ स्वतंत्रपणे शोधला. एकाने त्याला हायपरटेन्सिन म्हटले, दुसऱ्याने अँजिओटोनिन. दोन्ही नावे अनेक वर्षे चालली. १९५८ मध्ये दोन्हीकडच्या शास्त्रज्ञांनी एकाचा पूर्वार्ध आणि दुसऱ्याचा उत्तरार्ध घेऊन आजचे नाव ठरवले.

या साखळीतल्या तीन कड्यांवर काम करणारी औषधे त्यांच्या शेवटावरून ओळखता येतात. एसीईला अडवणारी औषधे ‘प्रिल’ने संपतात : एनालाप्रिल, रॅमिप्रिल. त्यांतले पहिले कॅप्टोप्रिल. ब्राझीलमधल्या जराराका सापाच्या विषावरील संशोधनातून त्याची वाट सापडली. अँजिओटेन्सिन-२ जिथे चिकटते तो ग्राही बंद करणारी औषधे ‘सार्टान’ने संपतात : लोसार्टान, टेल्मिसार्टान. थेट रेनिनला अडवणाऱ्या ॲलिस्किरेनचा शेवट ‘किरेन’.

औषधांची तीन नावे

प्रत्येक औषधाला तीन नावे असतात. पहिले रासायनिक नाव; ते रेणूची संपूर्ण रचना सांगते आणि प्रयोगशाळेबाहेर क्वचित वापरले जाते. दुसरे जेनेरिक नाव. ते कोणाच्याही मालकीचे नसते. तिसरे ब्रँडचे नाव. ते कंपनीचे असते. जेनेरिक नावे ठरवण्याचे काम जागतिक आरोग्य संघटनेकडे आहे. १९५० मध्ये त्याचा ठराव झाला आणि १९५३ मध्ये पहिली यादी निघाली.

पॅरासिटामॉल हे असे आंतरराष्ट्रीय नाव. अमेरिकेत याच औषधाला ॲसिटामिनोफेन म्हणतात. दोन्ही नावे पॅरा-ॲसिटिल-अमिनो-फिनॉल या एकाच रासायनिक नावातली वेगवेगळी अक्षरे उचलून बनली आहेत. परदेशी जाणाऱ्याने ही जोडी लक्षात ठेवलेली बरी. दोन वेगळी औषधे समजून दोन्ही घेतली तर मात्रा दुप्पट होते आणि यकृताला धोका पोहोचतो.

आणखी काही शेवट रोजच्या वापरातले आहेत. ‘सिलिन’ म्हणजे पेनिसिलिनच्या कुळातली प्रतिजैविके : ॲमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन. ‘व्हास्टॅटिन’ म्हणजे यकृतातल्या एका रिडक्टेज विकराला अडवून कोलेस्टेरॉल कमी करणारी औषधे : ॲटॉर्व्हास्टॅटिन, रोसुव्हास्टॅटिन. ‘ग्लिप्टिन’ म्हणजे मधुमेहावरची औषधे; अन्न घेतल्यावर आतड्यातून येणाऱ्या जीएलपी-१ या संप्रेरकाला मोडणारे विकर ती रोखतात. ‘ग्लुटाइड’ म्हणजे त्याच संप्रेरकासारखे काम करणारी औषधे, उदाहरणार्थ सेमाग्लुटाइड. ‘मायसिन’ हा शेवट स्ट्रेप्टोमायसिस प्रजातीच्या जिवाणूंपासून मिळालेल्या प्रतिजैविकांचा. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये १९६०च्या सुमारास सापडलेले बुरशीनाशक हॅमायसिन याच कुळातले. त्याची आद्याक्षरे कारखान्याच्या नावातली, आणि ज्या जिवाणूपासून ते मिळाले त्याचे नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना, म्हणजे थेट पिंपरीवरून ठेवलेले.

शेवट वाचताना तो पूर्ण वाचावा लागतो. निस्टॅटिनच्या शेवटी ‘स्टॅटिन’ आहे, पण ते कोलेस्टेरॉलचे औषध नसून बुरशीनाशक आहे; त्याचे नाव न्यूयॉर्क राज्यावरून पडले. पँटोप्राझोल आणि ओमेप्राझोल पोटातले आम्ल कमी करतात, पण ॲरिपिप्राझोल मानसिक आजारांवर देतात. त्याचा शेवट ‘पिप्राझोल’ असा वेगळा आहे. ब्रँडच्या नावांना तर असा कोणताही नियम लागू नाही. ओमेप्राझोल अमेरिकेत प्रथम लोसेक या नावाने आले. लघवी वाढवणाऱ्या लेसिक्सशी त्याची गल्लत होऊ लागली, तेव्हा कंपनीला नाव बदलून प्रायलोसेक करावे लागले.

भारतात स्ट्रिपवर ब्रँडबरोबर जेनेरिक नाव छापलेले असते आणि त्यापुढे पुष्कळदा ‘आयपी’ ही अक्षरे असतात. औषध इंडियन फार्माकोपिया या अधिकृत मानकग्रंथाप्रमाणे आहे, असा त्यांचा अर्थ. याची पहिली आवृत्ती १९५५ मध्ये निघाली. रुग्णाच्या दृष्टीने स्ट्रिपवरचे सर्वांत महत्त्वाचे शब्द म्हणजे हे जेनेरिक नाव. घरातल्या प्रत्येकाने आपल्या नेहमीच्या औषधांची जेनेरिक नावे आणि मात्रा एका कागदावर लिहून ठेवाव्यात. एखाद्या औषधाची ॲलर्जी असेल, तर त्याचेही जेनेरिक नाव त्यात लिहावे. पेनिसिलिनची ॲलर्जी असलेल्याने ‘सिलिन’ने संपणारे कोणतेही औषध घेण्यापूर्वी डॉक्टरांना तसे सांगितलेच पाहिजे. दवाखाना, गाव किंवा देश बदलला की ब्रँड बदलतात; जेनेरिक नाव बहुतेक ठिकाणी तेच राहते, आणि डॉक्टरांना नेमके तेच हवे असते.