डाग नको, दिवा हवा : बोके बॅकग्राउंडचं दिवाळी कार्ड (भागाचा लिखित मजकूर)

कार्ड करताना हात रंगलेले असतात, दर दोन मिनिटांनी पॉज दाबायला कुणाला जमणारे? म्हणून या भागाचा मजकूर इथे टाकतोय. बोललो तेच आहे, फक्त माझे ‘अं… अं…’ काढलेत.

आजचा विषय आहे हाताने केलेलं दिवाळीचं ग्रीटिंग. पुढे एक पणती, आणि तिच्या मागे धूसर दिव्यांची गोल गोल वर्तुळं. फोटोत असतात ना, अगदी तशी. त्या धूसरपणाला म्हणतात ‘बोके’. हो, उच्चार तोच, पण मांजरांशी काही संबंध नाही. शब्द जपानी आहे. १९९७ मध्ये ‘फोटो टेक्निक्स’ या अमेरिकन मासिकाचे संपादक माइक जॉन्स्टन यांनी यावर लेख छापले, आणि लोकांनी नीट उच्चारावा म्हणून इंग्रजी स्पेलिंगच्या शेवटी एक ‘एच’ चिकटवला. लोक तरीही ‘बोकेह’ म्हणतात ते सोडा.

हा विषय निघाला एका श्रोतीच्या मेसेजवरून. ती दिवाळीआधी प्रदर्शनात स्टॉल लावते. यंदा साठवलेले पैसे इंक पॅड आणि कागदात घातलेत, ३० कार्डं तयार आहेत, आणि फोटो पाठवून विचारते, “दादा, हे दिवे का वाटत नाहीत? आई म्हणते, बुरशी आल्यासारखं दिसतंय.” आईचं निरीक्षण बिनचूक होतं. फिकट गुलाबी-पिवळा कागद, आणि त्यावर एकाच मापाचे, एकसारखे पांढरे ठिपके. हात छान आहे, सामानही चांगलंय. अडलंय ते प्रकाशाच्या हिशोबात. तर आधी तो हिशोब बघू, कारण तो कळला की बाकीचं काम संध्याकाळभराचं आहे.

लांबचं कमी दिसणाऱ्यांनी आज रात्री गॅलरीत जाऊन चष्मा काढा आणि रस्त्यावरच्या दिव्याकडे बघा. दिवा नुसता पसरट होत नाही, त्याची एक चकती होते. कारण दिव्याच्या एका बिंदूतून निघालेला प्रकाश बाहुलीच्या अख्ख्या भोकातून आत येतो, आणि फोकस चुकला की एका बिंदूत गोळा होण्याऐवजी त्या भोकाच्या आकारात पडद्यावर पसरतो. बाहुली गोल, म्हणून चकती गोल. कॅमेऱ्यात हेच काम ॲपर्चर करतं. ज्या लेन्समध्ये ॲपर्चरची पाच पाती असतात तिच्यात चकतीला पाच कोपरे येतात. शाळेत ठसेकामाच्या तासाला भेंडी कापून रंगात बुडवायचो आठवतंय? तिलाही साधारण पाच कोपरे. थोडक्यात, जुन्या लेन्सचा बोके हवा असेल तर भाजीवाल्याकडे मिळेल. (हे मी गमतीत म्हणतोय, पण करून बघा, छान दिसतं.)

आता यातून कागदासाठी काय निघतं?

एक तर, चकतीला कड असते. बोके म्हणजे कापसाचा बोळा नाही. आत सगळीकडे साधारण सारखा उजेड आणि बाहेर एकदम संपला. म्हणून स्पंजने मोकळ्या हाताने थापलेले गोल ढगासारखे दिसतात, आणि स्टेन्सिलमधून थापलेले दिव्यासारखे.

दुसरं, चकती जितकी मोठी तितकी मंद. प्रकाश तेवढाच आहे, पसरायला जागा जास्त. व्यास दुप्पट केला की क्षेत्रफळ चौपट, म्हणजे उजेड पावपट. तेव्हा मोठी वर्तुळं अगदी पुसट, मधली थोडी उजळ आणि बारकी एकदम लख्ख. बहुतेक जण नेमकं उलटं करतात. मोठा गोल दिसला की दाबून पांढरा भरतात.

तिसरं, प्रकाशात प्रकाश मिसळला की उजेड वाढतो. दोन चकत्या एकमेकींवर आल्या तर मधला भाग जास्त उजळ दिसला पाहिजे. साध्या डाय इंकने हे होत नाही. ती पारदर्शक असते, थरावर थर दिला की रंग गडद होतो. पांढरी पिगमेंट इंक किंवा पांढरा पोस्टर कलर मात्र अपारदर्शक, त्याचे दोन पातळ थर एका थरापेक्षा पांढरे दिसतात. म्हणून या कामाला पांढरंच लागतं, फिकट पिवळ्या डाय इंकने भागत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, ज्यामुळे त्या ३० कार्डांना बुरशी आली. माझ्या कामाच्या भाषेत सांगतो. आपल्या नेहमीच्या जेपेग फोटोत एका रंगाची सर्वांत मोठी किंमत २५५. खरा दिवा त्याच्या कितीतरी पट प्रखर असला तरी फोटोत २५५ वरच अडकतो. मग फोनचा पोर्ट्रेट मोड मागचा भाग सॉफ्टवेअरने धूसर करतो तेव्हा तो २५५ शेजारच्या शेकडो पिक्सेलमध्ये वाटला जातो आणि दिवा विझल्यासारखा राखाडी होतो. चांगल्या प्रोग्रॅममध्ये आधी दिव्यांची किंमत मुद्दाम वाढवून घेतात, मग पसरवतात.

कागदाचंही तसंच आहे. कोऱ्या कागदापेक्षा पांढरं काही तिथे होऊच शकत नाही. दिव्याची किंमत वाढवायची सोय नाही, मग एकच मार्ग उरतो, तो म्हणजे आजूबाजूचा अंधार वाढवणं. मागचा रंग गडद असेल तरच पांढरी चकती पेटते, फिकट रंगावर तिचा डाग होतो. यूट्यूबवरचे व्हिडिओ बघून लोक वर्तुळं शिकतात, पण अंधार करायला घाबरतात.

सामान बोलू. ३०० जीएसएमचा वॉटरकलर पेपर सर्वांत बरा, नाहीतर जाड आयव्हरी शीट. डाय इंकचे परदेशी पॅड महाग पडतात. एकदोन कार्डांसाठी वॉटरकलरनेही काम होतं. वर्तुळांसाठी कॅमलचा पांढरा पोस्टर कलर आणि मेकअपचा स्पंज. स्टेन्सिलला जुनी एक्स-रे फिल्म उत्तम. १, २ आणि ३ सेंटिमीटर व्यासाची तीन भोकं कापा, कडा बारीक सँडपेपरने घासा. सगळ्यात छोट्या दिव्यांना पेन्सिलच्या मागचं रबर हाच ठसा.

आधी कागदाचा छोटा ज्योतीचा आकार कापून, जिथे ज्योत येणार तिथे कमी चिकट टेपच्या गुंडाळीने बसवा. आता रंग. ज्योतीभोवती पिवळा, त्याबाहेर केशरी, मग गुलाबी, आणि वरच्या भागात व कडांना गडद जांभळा-निळा. पिवळ्याला जांभळा थेट भिडवू नका, चिखल होतो, मध्ये केशरी-गुलाबी हवेतच. पणती काळी छापणार आहोत, म्हणून तिच्या मागे उजेड ठेवायचा आणि वर अंधार. अंधार पुरेसा झाला असं वाटलं की अजून एक हात द्या.

मग पूर्ण वाळू द्या. घाई इथेच नडते. डाय इंक पाण्याने सुटते, वॉटरकलरही सुटतो, आणि ओला पांढरा रंग त्यावर लागला की तो खालचा रंग उचलून मळकट गुलाबी होतो. स्पंजवर रंग घ्या, रद्दी पेपरवर टिपून जवळजवळ कोरडा करा, मग स्टेन्सिलमधून हलके टिपा. आधी ३ सेंटिमीटरची पुसट वर्तुळं, काही कार्डाच्या कडेबाहेर अर्धी जाऊ देत. खऱ्या फोटोत दिवे चौकट बघून थांबत नाहीत. मग २ ची, काही मोठ्यांवर चढलेली. मग १ ची, जरा दाबून. शेवटी पेन्सिलच्या रबराचे पाचसहा लख्ख ठिपके, बस्स. समान अंतरावर ओळीने ठेवू नका, दोनतीनच्या घोळक्यात ठेवा.

पांढरा नकोच असेल तर उलटा मार्गही आहे. स्टेन्सिल ठेवून ओलसर, म्हणजे ओल्या नव्हे, कापडाने टिपायचं. पाण्याने सुटणारा रंग निघून येतो आणि त्याच छटेचं फिकट वर्तुळ उरतं. वॉटरकलर पेपरवरच करा, आयव्हरी शीटचा पापुद्रा निघतो.

पणतीचा ठसा खोडरबरावर कोरता येतो. ‘शुभ दीपावली’ कोरायचं असेल तर अक्षरं उलटी लागतात. बटर पेपरवर पेन्सिलने सरळ लिहा, तो कागद रबरावर पालथा घालून नखाने घासा, उलटी अक्षरं आपोआप उमटतात. काळी शाई न पसरणारी घ्या आणि पांढरं रात्रभर वाळल्यावरच छापा. पणती जितकी टोकदार, स्वच्छ छापली जाईल तितके मागचे दिवे लांब गेल्यासारखे वाटतात. ज्योतीवरचा कागद काढून आतल्या कोऱ्या जागी तळाला पिवळ्याचा एक हलका स्पर्श द्या.

आधीच केलेली फिकट कार्डं फेकू नका. त्यांच्या कडा आणि वरचा भाग गडद करा. जुन्या पांढऱ्या ठिपक्यांवरही थोडा रंग चढेल, चढू दे, तेच आता लांबचे पुसट दिवे. त्यांच्यावर नवी वर्तुळं द्या. श्रोतीने असं एक करून फोटो पाठवलाय, आईने या वेळी बुरशीचं नाव काढलं नाही. २९ बाकी आहेत.

पोस्टाने पाठवणार असाल तर आत बटर पेपरचा एक तुकडा ठेवा, पोस्टर कलर घासला की पुसतो. आणि स्टॉलसाठी कार्डांचे फोटो काढताना पोर्ट्रेट मोड बंद ठेवा, नाहीतर फोन तुमच्या कार्डाच्या कडाच धूसर करून टाकेल.